चाखणारा आणि पाणी काढणारे

मराठीत ‘पिणे’ या क्रियापदाला कर्म लागते. माणूस पाणी पितो, चहा पितो, ताक पितो. परंतु ‘तो पितो’ एवढेच कोणी खालच्या आवाजात म्हटले, तर काय पितो असे विचारण्याची पाळी येत नाही. सोयरिकीच्या बोलणीत या दोन शब्दांवर लग्ने मोडली आहेत. ‘चाखणे’ या क्रियापदाच्या वाट्याला हे दुर्दैव आलेले नाही. ‘तो चाखतो’ असे म्हटले तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो. चाखणाऱ्याचे लक्ष वस्तूकडे असते, पिणाऱ्याचे वस्तूपासून होणाऱ्या परिणामाकडे, असा काहीसा भेद आपल्या भाषेने नकळत करून ठेवला आहे. शबरीने बोरे चाखली, खाल्ली नाहीत, आणि तीही स्वत:साठी चाखली नाहीत.

हा भेद नैतिक आहे, की केवळ सुखवस्तू माणसाने स्वत:ची समजूत घालण्यासाठी काढलेली पळवाट आहे, हा प्रश्न आम्हांला काही काळापासून छळतो आहे. प्रश्नाला निमित्त एका बाटलीचे झाले.

अमेरिकेत नोकरी करणारा आमचा भाचा दिवाळीला अंबाजोगाईस आला होता. येताना त्याने मेणाने तोंड बंद केलेली, काळ्या काचेची एक बाटली आणली. ती बिअर होती. आमच्या जिल्ह्यात बिअर म्हणजे पिवळी, फेसाळ आणि बर्फासारखी गार. उन्हाळ्यात धाब्यावर बसून घशाखाली घालायची वस्तू. ही तशी नव्हती. भाजून जवळजवळ कोळसा केलेल्या जवापासून ती बनवलेली, आणि नंतर वर्षाहून अधिक काळ ओकच्या लाकडी पिंपात ठेवलेली. लेबलावर अल्कोहोलचे प्रमाण १३ टक्क्यांच्या वर छापलेले होते. भारतात २०१८ साली अधिसूचित झालेल्या अन्नसुरक्षा मानकांनुसार ‘स्ट्राँग’ बिअरची मर्यादा ८ टक्के आहे. म्हणजे आपल्या कायद्याच्या दृष्टीने ही बिअरच नव्हे. भाच्याने पहिलीच सूचना केली, “मामा, फ्रिजमध्ये ठेवू नका. गार झाली की जीभ बधिर होते.” चौघांत मिळून एक बाटली, आणि तीही ताटे उचलल्यावर, असा त्याचा बेत होता. परवान्याचे विचाराल, तर तो आम्ही रीतसर काढलेला आहे.

या पिंपांची कथा मोठी रंजक आहे. अमेरिकेत बर्बन नावाची व्हिस्की मुरवण्यासाठी आतून जाळलेले कोरे ओकचे भांडेच वापरले पाहिजे, असा कायदा आहे. त्यामुळे एकदा व्हिस्की काढून घेतली की ते पिंप बर्बनवाल्याच्या दृष्टीने निकामी होते व इतरांना विकले जाते. बिअर बनवणारे ते विकत घेतात. लाकडात शिरलेली व्हिस्की हळूहळू बिअरमध्ये उतरते. जळलेल्या लाकडातील द्रव्यांतून व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा वास येतो. फळ्यांच्या फटींतून हवा आत झिरपत राहते आणि कडूपणाची धार बोथट करते. त्याच फटींतून थोडे द्रव्य उडूनही जाते. या घटीला मद्य बनवणारे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत व्हिस्कीच्या पिंपातून देवदूत वर्षाला सुमारे २ टक्के नेतात. बंगळुरूच्या हवेत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर जाते. उष्ण देशातले देवदूत अधिक तहानलेले असावेत. आमच्या मराठवाड्यातले काय करतील, याची कल्पनाच केलेली बरी.

आम्ही चाखली. पहिला घोट जड वाटला, काळ्या कॉफीसारखा कडवट, आणि छातीत ऊब देऊन गेला. दुसऱ्या घोटाला मनुका, खजूर, जळका कोको असे काही ओळखू येऊ लागले. भाचा आपल्या शब्दांत वर्णन करीत होता; आम्हांला मात्र आठवले ते गुऱ्हाळ. कढई उतरवताना तिच्या कडेला जी काकवी लागते आणि करपते, तिचा वास. लहानपणी पळसाच्या पानावर घेऊन चाटलेल्या काकवीचा तो करपट गोडवा समुद्रापलीकडच्या एका बाटलीत बसलेला असेल, असे कधी वाटले नव्हते. पेला संपायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात जेवढे बोलणे झाले तेवढे एरवी वर्षभरात होत नाही. कोणाचा तोल गेला नाही, कोणाचा आवाज चढला नाही.

चाखणाऱ्याची बाजू मांडायची तर ती अशी मांडता येईल, आणि ती लेचीपेची नाही. ख्रिस्ती परंपरेतच तिला आधार सापडतात. म्युनिकच्या पाउलानर मठवासीयांनी सतराव्या शतकात जाड, बलवान बिअर बनवली, ती उपवासकाळासाठी. घनाहार वर्ज्य असताना ती त्यांची भाकरी होती. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्या चाळिसाव्या प्रकरणात पेयाचे माप ठरवले आहे. ते प्रकरण वाचताना हसू येते आणि आदरही वाटतो. वास्तविक मठवासीयाने द्राक्षारस घेऊच नये, असे संताचे मत. पण आजकालच्या मंडळींना हे पटवून देणे शक्य नाही, तेव्हा निदान माप तरी ठरवू, म्हणून दररोज एक ‘हेमिना’, सुमारे पाव लिटर. ज्या प्रदेशात तेवढाही मिळत नाही तेथील बंधूंनी देवाचे आभार मानावेत व कुरकूर करू नये. मात्र जागेची स्थिती, कामाचे कष्ट किंवा उन्हाळ्याचा ताप पाहून मठप्रमुखाने माप वाढवावे, अशी मोकळीकही त्याने ठेवली आहे. हे शेवटचे वाक्य आम्ही बीडमध्ये बसून वाचतो, त्यामुळे ते आम्हांला जरा निराळे ऐकू येते. त्याकडे पुढे येऊ.

संत थॉमस अक्विनासने या प्रश्नाचा निवाडा आपल्या पद्धतीने केला. कोणतेही पेय स्वत:हून निषिद्ध नाही, असे तो म्हणतो. ते निषिद्ध होते ते परिस्थितीने. पिणाऱ्याला ते सहज बाधत असेल, त्याने न पिण्याचे व्रत घेतले असेल, त्याने माप ओलांडले असेल, किंवा त्याच्या पिण्याने दुसऱ्याला ठोकर लागत असेल, तर. पहिल्या तीन अटी पाळणे फारसे अवघड नाही. आमच्या त्या चौघांनी त्या पाळल्या होत्या. चौथी अट मात्र वेगळ्या जातीची आहे. ती माझ्या पेल्यात काय आहे हे विचारीत नाही. माझ्या पेल्याबाहेर कोण आहे हे विचारते. संत पौलाने करिंथकरांना मूर्तीपुढील मांसाबद्दल लिहिले आणि रोमकरांना मांस व द्राक्षारस या दोहोंबद्दल, तेव्हा त्याच्या मनात हीच अट होती. ज्ञानी माणसाला ते मांस खाण्यात काही गैर दिसत नव्हते आणि पौलालाही दिसत नव्हते. तरीही दुर्बल बंधूसाठी ते ताटातून दूर सारण्याची त्याची तयारी होती.

बीड जिल्ह्यात हा दुर्बल बंधू शोधायला लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, शिरूर, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून माणसे ट्रक-ट्रॅक्टरांत भरून निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि ऊस संपेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, फडाच्या कडेला कोपी घालून राहतात. जिल्ह्यात कारखाने नाहीत असे नाही. अंबासाखर, तेलगाव, पांगरी ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण कोरडवाहू जमिनीवरची ही लाखो माणसे सामावून घेण्याएवढे काम येथे नाही. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. ही गणती ऐकून परगावचा माणूस चकित होतो. दोन देहांचे मिळून एक हत्यार. निघण्यापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. ती अलीकडे लाखाच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते, आणि ती फिटेपर्यंत कोयता मुकादमाचा. एखादा दिवस आजारपणात गेला तर ‘खाडा’ पडतो व त्याची रक्कम कापली जाते.

आता थोडा हिशेब करू. एक टन ऊस गाळला की साखरेखेरीज चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. तेवढ्या मळीतून दहा लिटरच्या आसपास मद्यार्क होतो. त्यात पाणी घालून देशी दारूच्या तीव्रतेला, म्हणजे ४२.८ टक्क्यांना आणला, तर १८० मिलीलिटरच्या सव्वाशेच्या आसपास बाटल्या भरतात. हल्ली पुष्कळशी मळी पेट्रोलात मिसळण्याच्या इथेनॉलकडे वळते हे खरे, तरी गावोगावच्या देशी दुकानाची मुळी उसाच्या फडातच आहे. ज्या हातांनी ऊस तोडला त्याच हातांत संध्याकाळी ती बाटली येते. तिला कोणी चाखत नाही. उभ्याने, नाक न लावता, एका दमात ती घशाखाली जाते, कारण तिच्यापाशी चाखण्यासारखे काही नाही आणि ती घेणाऱ्यापाशी चाखण्याला वेळ नाही. पहाटे पुन्हा मोळ्या बांधून गाडी भरायची असते.

येथे आमच्या मूळ प्रश्नाला एक वेगळे वळण लागते. त्या काळ्या बाटलीत आणि देशीच्या बाटलीत फरक कशाचा? अल्कोहोलचा म्हणावा तर देशीच तिप्पट कडक. गोडव्याचा म्हणावा तर दोहोंच्या मागे तीच करपलेली साखर, आमच्या जिभेने तर शपथेवर तसे सांगितले. फरक आहे तो काळाचा. एकीत वर्षभराचा काळ मुरलेला आहे. दुसरी तयार होते, बाटलीत भरली जाते आणि विकली जाते. ज्याने पिंप मांडले त्याला वाट पाहणे परवडले, आणि ज्याने बाटली विकत घेतली त्याने त्या वाट पाहण्याची किंमत मोजली. याउलट उचल घेतलेल्या माणसाने आपला पुढचा काळ आधीच विकलेला असतो. त्याच्यापाशी संयम नाही असे आपण सहज म्हणून जातो. परंतु संयमाला काही एक भांडवल लागते, आणि ते भांडवल म्हणजे आपल्या मालकीचा काळ, ही गोष्ट नीतीच्या पुस्तकांत फारशी लिहिलेली आढळत नाही.

याचा अर्थ गरिबाच्या दारूला आम्ही निर्दोष ठरवतो आहोत असा कोणी घेऊ नये. कोपीत मार खाणाऱ्या बाईला काळाच्या मालकीचे तत्त्वज्ञान सांगून उपयोग नाही, आणि मारणाऱ्या हाताला त्यातून सुटकाही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की चाखणारा स्वत:च्या अंगी जो सद्गुण पाहतो त्यातला काही भाग त्याला बाटलीबरोबर विकत मिळालेला असतो. तेवढा भाग तरी त्याने आपल्या पुण्याच्या खात्यावर मांडू नये.

आपला कायदाही या बाबतीत भोळा नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि वर्षानुवर्षे एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपयांना व देशीसाठी २ रुपयांना मिळत आला. राज्याने तोंडे दोन मानली आणि त्यांचे दरही दोन ठेवले.

मग चाखूच नये काय? आमच्या ओळखीच्या एक भगिनी गेली अनेक वर्षे खेड्यांतून दारूविरोधी काम करतात. त्यांना आम्ही त्या संध्याकाळची हकिगत सांगितली. वाटले होते, रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “पाणी कुठलं होतं हो तिच्यात?” आम्हांला उत्तर देता आले नाही. लेबलावर जवाचे नाव होते, पिंपाचे होते, महिने होते, पाण्याचे नव्हते.

प्रश्न विचित्र वाटला तरी मराठवाड्यात तो विचित्र नाही. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा औरंगाबादजवळच्या वाळूजच्या बिअर-कारखान्यांना पाणी मिळत होते. त्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात प्रथम निम्मी आणि नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. हे पाणी पैठणच्या जायकवाडीचे. त्याच धरणाचा उजवा कालवा गेवराईतून माजलगावकडे येतो. म्हणजे धाब्यावरची पिवळी बाटली आणि गेवराईच्या शेतकऱ्याचे वाळणारे पीक एकाच जलाशयाकडे तोंड करून उभे होते. कारखान्यांत माणसे कामाला आहेत, त्यांची चूल त्यावर पेटते, हे उत्तर तेव्हा दिले गेले आणि ते खोटे नव्हते. परंतु बिअर पिणाऱ्यांपैकी किती जणांना त्या आदेशापूर्वी आपल्या पेल्यात गोदावरी आहे हे माहीत होते?

भगिनींच्या प्रश्नाने आम्हांला गालीलातील काना गावच्या लग्नाकडे नेले. ती कथा वाचक जाणतात. सहा दगडी रांजण, प्रत्येकात सुमारे ऐंशी ते एकशेवीस लिटर पाणी मावेल एवढे. ते काठोकाठ भरले गेले. विहीर किंवा झरा किती अंतरावर होता हे योहान सांगत नाही, पण पाच-सहाशे लिटर पाणी कोणीतरी अंगावर वाहून आणले हे उघड आहे. नंतर भोजनाच्या कारभाऱ्याने ते चाखले. जाणकार माणूस असावा. उत्तम रस शेवटी का ठेवला, असे तो वराला विचारतो. या चाखण्यासंबंधी योहानाने कंसात टाकावी तशी एक गोष्ट नोंदवली आहे: रस कोठून आला हे कारभाऱ्याला ठाऊक नव्हते, पाणी काढणाऱ्या चाकरांना ठाऊक होते.

आम्ही हा उतारा शेकडो वेळा ऐकला आहे, लग्नाच्या मिस्सांत तर नेहमीच. प्रवचने चमत्कारावर होतात, मातेच्या विनंतीवर होतात, विवाहाच्या पावित्र्यावर होतात. चाकरांवर झालेले प्रवचन आम्हांला आठवत नाही. कारभाऱ्याचे काही चुकले असे योहान म्हणत नाही. त्याची जीभ खरी होती, त्याचा अभिप्राय अचूक होता. तो अपुरा होता, एवढेच. घरात जे घडले त्याची पूर्ण चव ज्यांना कळली त्यांच्या ओठांना त्या रसाचा थेंब लागला की नाही, याची नोंद नाही.

चाखणे म्हणजे लक्ष देणे, असे आम्ही सुरुवातीला म्हटले होते आणि अजूनही ते मागे घ्यावेसे वाटत नाही. पण लक्ष देण्याचे व्रत घेतलेल्या माणसाने ते पेल्याच्या काठाशी का थांबवावे? ज्याला व्हॅनिलाचा मंद वास ओळखता येतो त्याला मळीचा, घामाचा आणि कालव्याचा वास ओळखता येत नसेल, तर ते नाकाचे वैगुण्य नव्हे. आणि ओळखल्यानंतरही पेला हातात धरावा की खाली ठेवावा, याचे एकच उत्तर सर्वांना देणे आम्हांला शक्य नाही. वसईकडच्या वाचकांना लग्नघरातला पेला परका नाही, तेथे तो आनंदाचा भाग आहे. आमच्याकडे ख्रिस्ती घरात बाटली दिसली तर शेजारी कपाळाला आठी घालतात, आणि ज्या वस्तीत दर तिसऱ्या दारात दारूने गेलेला माणूस आहे तेथे ती आठी आम्हांला योग्यच वाटते. पौलाने ‘बंधू’ म्हटले तो अमुक एका गावचा असतो; त्याचे घर दिसते तेवढ्या अंतरावर निदान पेला झाकावा. भाच्याने दुसरी बाटली आणली असती तर ती आम्ही अंबाजोगाईत उघडली नसती, हे खरे.

आता बेनेडिक्टच्या त्या वाक्याकडे येऊ. कष्ट आणि ऊन पाहून माप वाढवा, असे तो म्हणतो. त्याच्या मठात मोठा पेला उन्हात राबणाऱ्याच्या हाती गेला असता, आणि तो मोजून देणाऱ्याला राबणाऱ्याचे नाव, त्याचे शेत, त्याची प्रकृती ठाऊक असे. आमच्या गावांत माप कोणाच्या हाती आहे? मुकादमाला कोयत्यांची संख्या ठाऊक आहे, दुकानदाराला उधारी ठाऊक आहे.

एक माप मात्र बायकांच्या हाती देण्यात आले आहे. २००८ च्या राज्य शासनाच्या आदेशानुसार गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दारूच्या दुकानाबाबत गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली आणि एक आडवी. चाखणाऱ्यांच्या जगात बाटली आडवी ठेवण्याला दुसराच अर्थ आहे, ती बुचाचे आणि वयाचे लाड करण्यासाठी आडवी ठेवतात. येथे आडव्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. पण त्यासाठी झालेल्या मतांपैकी निम्मी मते पुरत नाहीत. यादीतील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी आली नाही ती बाटली उभी ठेवण्याच्या बाजूने धरली गेल्यासारखीच.

भगिनींनी आम्हांला एवढे समजावून सांगितले आणि मग विचारले, धारूर-वडवणीच्या एखाद्या गावात हे मतदान पौषात किंवा माघात ठेवले, तर रांगेत उभे राहायला कोण असेल? यादीतल्या कितीतरी बायका त्या वेळी दोनशे मैलांवर फडात मोळ्या बांधत असतील. त्या आता अर्ज लिहीत आहेत, की मतदान पाडव्यानंतर, कोयते परत आल्यावर घ्यावे.